लहानपणी घराजवळ असलेलं, आता बंद झालेलं एखादं हॉटेल तुम्हाला आठवतं का? तिथलं आणि आजूबाजूचं काय काय आठवतं?

आठवतं म्हणजे काय, चांगलंच आठवतं. आमचं बालपण काळाचौकी-लालबागच्या चाळीत गेलं आणि चाळीच्या कोपऱ्यावर इराणी होता. बोर्डावर त्याचं काहीतरी मोठं नाव होतं पण ते कुणी घेत नसे, सगळे नुसतं "इराणी" म्हणायचे. "बाबा कुठेयत?" "इराण्याकडे." संपलं. मराठी माणूस कोपऱ्यावरचं दुकान अशुभ म्हणून घेत नसे आणि ते इराणमधल्या यझद-केरमानकडून आलेल्या या लोकांनी घेतलं असं सगळेच सांगतात, खरं खोटं असो, पण दोन्ही रस्त्यांनी दार असल्यामुळे आम्हा पोरांना एका दाराने शिरून दुसऱ्याने पळता यायचं हे मात्र शंभर टक्के खरं.

आत काय तर तेच, सगळ्या इराण्यांकडे असतं ते. संगमरवरी टेबलं, काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, गल्ल्यापाशी खारी, नानखटाई आणि लिमलेटच्या गोळ्यांच्या बरण्या. शेठ अंड्याला बैदा म्हणायचे त्यामुळे आम्ही घरी पण बैदा म्हणायला लागलो आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. बिल कागदावर कधी आलंच नाही. गिऱ्हाईक उठून दाराकडे निघालं की वेटर लांबूनच ओरडायचा, "टोपीवाला साठ पैसा, पीछे चश्मेवाला एक रुपया दस!" म्हणजे कोणी काय खाल्लं ते अख्ख्या हॉटेलला कळायचं. एकदा आमच्या मास्तरांनी एकट्याने डबल ऑम्लेट पाव हाणला ते आम्हाला असंच कळलं होतं.

पण तुम्ही आजूबाजूचं पण विचारलंय, आणि ते सांगितल्याशिवाय त्या हॉटेलची गोष्ट कळणारच नाही, कारण ते हॉटेल घड्याळावर नाही तर गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा, अशा तीन पाळ्या. भोंगा झाला की पाचेक मिनिटांत रस्ता माणसांनी भरून जायचा, आणि त्यातली निम्मी इराण्याकडे वळायची. बाबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, होते. साडेतीनला सुटून आले की त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर, हातावरच्या केसांवर कापूस बसलेला असायचा, लांबून बघितलं तर माणूस एका पाळीत म्हातारा झालाय असं वाटायचं. तसलीच चाळीस-पन्नास माणसं एकदम आत शिरायची. टेबलावर चहा सांडलेला, त्यावर हा कापूस बसायचा आणि पोऱ्या फडकं मारायचा तर पुसलं जायच्या ऐवजी त्याची पांढरी वळी व्हायची. शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "अरे बाबा, टेबल साफ कर नी!" आणि तो बिचारा परत तेच फडकं मारायचा. त्या कापसासकट आम्ही बन मस्का खाल्लाय, कुणाला काही झालं नाही.

नवाकाळ पेपर एकच यायचा आणि त्याची पानं सुटी करून चार टेबलांवर फिरायची. ज्याच्याकडे मधलं पान असेल त्याने मोठ्याने वाचायचं असा अलिखित नियम होता. कोपऱ्यातल्या टेबलावर हळू आवाजात मटक्याचं ओपन-क्लोज चालायचं, तिकडे बघायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं म्हणून आम्ही फक्त तिकडेच बघायचो.

मग १८ जानेवारी १९८२. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा संप. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, भोंगे बंद. मी अकरा वर्षांचा होतो, मला आधी मजाच वाटली कारण बाबा दिवसभर घरी. पण दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर बसणार किती, बाबा सकाळीच इराण्याकडे जायचे आणि सगळ्यांचंच ते होतं. आता गंमत बघा, संपाआधी हॉटेल दिवसातून तीनदा गच्च भरायचं आणि तीनदा रिकामं व्हायचं, संपात ते सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेलंच. आणि गल्ला रिकामा. तिघांत एक चहा, एकाला कप, एकाला बशी, तिसरा म्हणायचा मी आत्ताच घेतला. दोन-दोन तास तेच टेबल. मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ती टेबलं. एकदम लख्ख. कापूसच नाही तर पुसायचं काय.

शेठनी पहिले काही महिने उधारी दिली, वहीत लिहून. नंतर दुपारचे पंखे बंद करायला लागले, म्हणजे लोकांनी उकडून उठून जावं. गणपतीच्या आसपास "उधार बंद"ची पाटी लागली. बाबा त्या दिवशी घरी येऊन काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्या हॉटेलात पाऊल टाकलं नाही, दारावरून जाताना समोरच्या फुटपाथने जायचे. आम्ही पोरं शेठला मनातल्या मनात काय काय बोललो असू. आता मी स्वतः बदलापूरला झेरॉक्सचं दुकान चालवतो, माझ्याकडे पण वही आहे, आणि पंखा बंद करायची अक्कल मला का सुचली नाही असं कधीकधी वाटतं.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. कोण परत कामावर गेले, कोण कोकणात. बाबांना दीडेक वर्षाने वॉचमनची नोकरी लागली आणि पहिल्या पगारात त्यांनी मला पैसे देऊन उधारी फेडायला पाठवलं, स्वतः नाही गेले. शेठनी वही काढली, बोट फिरवत फिरवत नाव शोधलं, आडवी रेघ मारली, पैसे दोनदा मोजले. मग बरणीतून दोन खाऱ्या काढून कागदात गुंडाळून दिल्या, म्हणाले, "तारा बाप ने बोल, चाय पीवा आव." मी निरोप सांगितला. बाबांनी खारी खाल्ली, गेले मात्र नाहीत.

हॉटेल पुढे बंद झालं, आधी तिथे बियर बार, आता मोबाईलचं दुकान आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर आले ते तर सगळ्यांना माहितीच आहे. वरून लालबागचा फ्लायओव्हर गेलाय त्यामुळे घाईतला माणूस खाली बघत पण नाही. मसाल्याची गल्ली मात्र अजून आहे, एप्रिल-मे मध्ये गेलात तर मिरचीच्या खाटाने डोळ्यातून पाणी येईल.

जाता जाता एक काम आहे. त्या भागातलं कुणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये सांगा, बन मस्क्यावर वरून साखर भुरभुरवायचे की नाही? मी म्हणतो हो, माझा धाकटा भाऊ म्हणतो साखर फक्त ब्रूनला, म्हणजे कडक पावाला होती. शंभर रुपयांची पैज आहे.