पुस्तकं वाचून मुलगा नास्तिक झालाय, काय करू?

हा प्रश्न घेऊन येणारे पालक माझ्याकडे बरेच असतात. धर्म कुठलाही असो, वाक्य साधारण तेच, "मॅडम, आधी असा नव्हता हो, वाचायला लागला आणि बिघडला." त्यातली एक केस सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

सातारा जिल्ह्यातलं माळकरी घर, आजोबांपासून वारी. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. सुट्टीत घरी आला तेव्हा आईने धुण्यासाठी बॅग उपसली तर कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी त्याची तुळशीची माळ. झालं, घरात रडारड. वडिलांनी दोन दिवस त्याच्याशी शब्द बोलला नाही आणि मग एकच वाक्य, "चार बुकं वाचली की माज येतो."

काय वाचलं होतं त्याने? हॉस्टेलवरच्या मित्राने पाठवलेली पीडीएफ, भगतसिंगांचा 'मी नास्तिक का आहे?'. गंमत म्हणजे यांच्याच ट्रॅक्टरवर भगतसिंगांचा स्टिकर होता. मी वडिलांना म्हटलं, हा लेख त्यांनी १९३० मध्ये लाहोरच्या जेलमध्ये लिहिला, आणि कशाला उत्तर म्हणून माहितीये? तुम्ही म्हणालात त्यालाच, की नास्तिकपणा हा अहंकार आहे. शाळेत असताना तासन् तास गायत्री मंत्र म्हणणारा हा मुलगा, मग बाकुनिन, मार्क्स, लेनिन वाचत गेला आणि १९२६ संपेपर्यंत देव नाही यावर त्याचं मत पक्कं झालं. वडील गप्प. पटलं असं नाही, पण 'माज' हा शब्द नंतर आला नाही.

मुलाचं दुखणं मात्र वेगळंच निघालं, त्याला झोप लागत नव्हती. लहानपणापासून संध्याकाळी आजोबांबरोबर देवळात हरिपाठ, हॉस्टेलवरही परीक्षेच्या आदल्या रात्री अंथरुणात पुटपुटायचा, आणि आता मानत नाही तर म्हणणं म्हणजे ढोंग म्हणून बंद केलं. विचार बदलला ते ठीक, पण त्याबरोबर मन शांत करायची जी एकमेव सवय होती तीही गेली, त्या जागी काहीच आलं नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल आणि छातीत धडधड. विश्वासाचा आधार असतो, तो सुटला की स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं हे भगतसिंगांनीही त्याच लेखात कबूल केलंय, पोरं नेमका तो भाग पटकन पुढे ढकलतात.

आम्ही आधी झोपेवरच काम केलं, देवावर नाही. श्वासाचे व्यायाम, ठरलेली वेळ, फोन बाहेर. हरिपाठ म्हणू का नको हे मी सांगितलं नाही, तो प्रश्न त्याचा.

मग एका सेशनला बापलेक दोघं होते. मी तुकोबांच्या दोन ओळी पुढे ठेवल्या, "आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाही ऐसा मनी अनुभवावा ॥" मुलगा लगेच सावध, "मला परत आणायला चाललंय का हे?" नाही म्हटलं, आणि खरंच नव्हतं. गाथा त्यांच्या घरात लाल कापडात होती, याने अभंग गायले होते खूप, पण बसून वाचले नव्हते. त्याने तिथेच फोनवर शोधाशोध केली आणि "माझे लेखी देव मेला" काढून वडिलांसमोर धरला. वडील म्हणाले, अरे तो रुसवा आहे देवावरचा, आपल्या माणसावरच रुसतो ना माणूस. मुलगा म्हणाला, तुम्हाला कीर्तनात सांगितलं म्हणून, ओळीत तसं कुठंय? जे जुंपलं म्हणता! सेशनची वेळ संपली तरी उठेनात. त्या सुट्टीनंतर एवढं सलग बोलणं दोघांत झालंच नव्हतं असं आईने नंतर सांगितलं.

तर पालकांनो, मुलगा काय वाचतो यापेक्षा झोपतो का, जेवतो का, मित्र आहेत का, कॉलेजला जातो का हे बघा. यातलं काही बिघडलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर उशीर न करता दाखवा, त्याचा संबंध नास्तिकपणाशी लावत बसू नका. आणि पुस्तकं लपवू नका प्लीज, फोनमध्ये सगळं आहे. जमलं तर तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि भांडा त्याच्याशी, चालतं.

याने माळ परत घातलेली नाही. झोप सुधारलीये. वडिलांचं म्हणणं अजून तेच, लग्न झालं की येईल ठिकाणावर, आणि त्यावर मी काही बोलत नाही.