सीडींचं कपाट रिकामं करू का?

गाण्याचं डाऊनलोड विकत घ्यावं की सीडी-रेकॉर्ड, यावर काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. बरीच पत्रं आली, मेलही आले. बरेचसे प्रश्न एकमेकांसारखेच होते, त्यातले सहा इथे घेतलेत.

प्रश्न : घरात तीनेकशे सीडी आहेत, नाट्यसंगीत, भावगीतं, थोडं शास्त्रीय. मुलगा म्हणतो, बाबा हे सगळं मोबाईलवर आहे, कपाट रिकामं करा, तिथे वॉशिंग मशीन बसेल. मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. आणि यापुढे नवं घ्यायचं तर डाऊनलोड घेऊ की सीडीच? — डोंबिवली

काका, मुलाला आधी एवढंच विचारा की मोबाईलवर जे आहे ते कुणाचं आहे. ॲपवर ऐकतो ते भाड्याच्या घरासारखं, गाण्यांचा मालक आणि ॲपची कंपनी यांचं जमलं तोवर ठीक, बिनसलं की आपलं सामान रस्त्यावर. २०२३ च्या मार्चमध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिकचा करार झाला नाही आणि झीची गाणी तिथून गेली, लोकांच्या प्लेलिस्टमध्ये नुसती राखाडी नावं उरली. २०२४ मध्ये विंक हे अख्खं ॲपच बंद झालं. म्हणजे मुलगा म्हणतोय ते खोटं नाही, आज आहेच सगळं, उद्याचं मात्र कुणी लिहून देत नाही.

डाऊनलोड विकत घेणं म्हणजे याच्या एक पायरी वर, पण त्यातही दोन प्रकार असतात ते बघून घ्या. एक फाईल असते कुलूपवाली, म्हणजे तिच्या ठराविक प्रोग्रॅममध्येच वाजणार. आयट्यून्सचं दुकान २००३ साली सुरू झालं तेव्हा तिथली गाणी अशीच होती, गाण्यांवरचं कुलूप काढलं २००९ मध्ये. दुसरी बिनकुलपाची, साधी एमपीथ्री किंवा फ्लॅक, ती पेनड्राइव्हवर टाका, गाडीत वाजवा, कुणी विचारत नाही. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं, आठवतंय का बघा, सव्वा-दीड वर्षात २०१३ च्या जूनमध्ये गुंडाळलं. लोकांना मुदत दिली होती की बाबांनो घेतलेली गाणी उतरवून घ्या. ज्यांनी उतरवली त्यांच्याकडे ती आजही वाजतायत, जे म्हणाले 'अकाउंटवर आहेतच की' त्यांची गेली. म्हणून मी डाऊनलोडला माल म्हणतो तो आपल्या डिस्कवर आल्यावरच, दुकानाच्या अकाउंटात पडून असेल तोवर ती फक्त पावती.

आणि सीडीचं म्हणाल तर सीडीची फाईल तुम्ही घरी बनवू शकता, फाईलची सीडी मात्र कव्हर-पुस्तिकेसकट बनत नाही. त्यामुळे दोन्हीच्या किमतीत थोडाच फरक असेल तर मी डोळे झाकून सीडी घेतो. आवाजाचा वाद मी घालत नाही, सीडीत सेकंदाला १,४११ किलोबिट असतात आणि चांगल्या एमपीथ्रीत ३२०, कागदावर फरक मोठा दिसतो पण कुणी डोळ्यावर पट्टी बांधून ओळख म्हटलं तर मला ओळखता येत नाही. तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा बोल, कधीकधी जरा बोथट वाटते, तेही वयामुळे असेल.

आता कपाटाचं. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो तो टाका, आणि सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये उतरवा. फ्लॅकमध्ये आवाज तसूभरही कमी होत नाही, नुसती घडी घातल्यासारखी फाईल लहान होते. एका सीडीला साडेतीनशे एमबी धरा, तीनशेचे झाले १०५ जीबी, म्हणजे अख्खं कपाट तळहाताएवढ्या हार्डडिस्कवर मावतं आणि तरी जागा उरते. रोज पाच केल्यात तर दोन महिन्यांचं काम आहे, पावसाळ्यात बरं जातं. डिस्क मात्र दोन घ्या, दुसरी बहिणीकडे किंवा मुलीकडे ठेवा, एकच डिस्क असली की ती नेमकी पडते, माझी पडली होती, चाळीसेक सीडी पुन्हा बसून केल्या. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी कॉपी काढायला कॉपीराइट कायद्यात खासगी वापराची सवलत आहे, फक्त मग अख्ख्या सोसायटीला वाटत बसू नका.

उतरवून झालं की प्लॅस्टिकच्या डब्या टाका, सीडी आणि तिचे कागद पातळ पाकिटात ठेवा. पाव जागा लागते. वॉशिंग मशीन बसतं.

प्रश्न : मी गाणं शिकते. गुरुजींनी सांगितलेल्या काही जुन्या बैठकी डाऊनलोड करून घेतल्या पण विलंबित (संथ भाग) संपून द्रुत (जलद भाग) सुरू होताना मध्येच टक्कन खंड पडतो, आणि साथीला कोण आहे तेही कळत नाही. सीडी घेतली तर फरक पडेल का? — मिरज

मिरजेत राहून हा प्रश्न विचारलात, बरं वाटलं, तुमच्या गल्लीत कुणीतरी आत्ता तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांचा झंकार जुळवत, बसलं असेल. तर खंड का पडतो, एमपीथ्री बनवताना फाईलच्या पुढे-मागे शांततेचा बारीकसा तुकडा चिकटतो, सुटं गाणं असेल तर तो कळतही नाही पण एकच राग दोन ट्रॅकमध्ये तोडलेला असला की बरोबर जोडावर खड्डा. काही प्लेअर तो खड्डा बुजवतात, सेटिंगमध्ये 'गॅपलेस' आहे का पाहा. फ्लॅकमध्ये फाईल घेतलीत तर ही भानगड मुळात नसते, सीडीवर तर नाहीच.

साथीदारांचं मात्र मोठं दुखणं आहे आणि माझ्या मते शास्त्रीय ऐकणाऱ्याने सीडी किंवा जुनी एलपी घ्यायचं खरं कारण हेच आहे. डाऊनलोडमध्ये रागाचं नाव, गायकाचं नाव, संपलं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर बसलेला पुढे स्वतः मोठा गवई झाला का, मैफल कुठली, साल कुठलं, हे सगळं कव्हरच्या मागे असायचं. साल तर फार म्हणजे फार लागतं हो, एकाच गायकाचा तिशीतला आणि साठीतला मारवा म्हणजे दोन वेगळी माणसं असतात. त्यात कंपन्या जुन्या तबकड्यांवरचं नव्या नावाने पुन्हा विकतात आणि फाईलवर साल घालतात ते पुन्हा काढल्याचं, त्यामुळे साठ सालचं ध्वनिमुद्रण २००५ चं म्हणून दिसतं. आणि मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून आलेलं असेल तर ते तीन-साडेतीन मिनिटांचंच असणार कारण एका बाजूला मावायचंच तेवढं, 'फाईल अर्धवट उतरली' म्हणून दुकानाशी भांडू नका, एका वाचकाने भांडून झाल्यावर मला कळवलं होतं.

तर शिकण्यासाठी घेताय ना, मग सीडी. मिळाली नाही तर फाईल घ्या आणि गुरुजींना विचारून साथीदारांची नावं स्वतः फाईलच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलसोबत साठवलेल्या माहितीत, टाइप करा.

प्रश्न : भारतात असताना ॲपलच्या अकाउंटवर बरीच मराठी गाणी विकत घेतली होती. आता इथे अकाउंटचा देश बदलायचा आहे. गाणी राहतील का? आणि कधी कंटाळा आला तर ती कुणाला विकता येतील का? — न्यू जर्सी

देश बदलायच्या आधी आज रात्रीच सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, उद्यावर टाकू नका. दुकान देशाप्रमाणे वेगळं असतं, इथलं गाणं तिथल्या दुकानात नसेल तर पुन्हा डाऊनलोड करता येईलच असं नाही, स्वतः ॲपलच सांगतं की आधी उतरवून ठेवा. एकदा डिस्कवर आली की वाजतील.

विकायचं विसरा. तुमच्याच देशात रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेल्या गाण्यांच्या फाईली विकायचं दुकान काढलं होतं, कॅपिटल रेकॉर्ड्सने कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि २०१८ मध्ये अपिलातही तोच राहिला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की सीडी तुम्ही हातातून हातात देता, फाईल देताना मात्र समोरच्याकडे नवी कॉपीच तयार होते आणि कॉपी काढायचा हक्क तुमचा नाही. म्हणजे हजार रुपयांच्या सीडीचे जुन्या बाजारात शंभर तरी येतात, हजाराच्या फाईलींचे शून्य.

प्रश्न : आमच्याकडे चार महिने पाऊस. कॅसेटींवर आणि काही सीडींवर पांढरी बुरशी आली आहे. वाचवता येतील का? — कुडाळ

सीडी वाचते. साध्या पाण्याने धुवा, फारच चिकट असेल तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. छापील बाजू जास्त जपा, कारण चकाकणारा थर त्या बाजूच्या अगदी खालीच असतो, तिकडून ओरखडा गेला की संपलं. घरी राइट केलेल्या सीडी असतील तर त्या आधी उतरवा, त्यातला रंग उन्हाने नि वयाने उडतो.

कॅसेटचं अवघड आहे. बुरशीवाली कॅसेट चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका, ती बुरशी हेडला लागते आणि मग पुढच्या दहा कॅसेटींना. भंगारातला एखादा टेपरेकॉर्डर त्यासाठीच वेगळा ठेवा, त्यात दोनदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, हेड पुसा, मग वाजवा आणि वाजतेय तोवरच कॉम्प्युटरवर घ्या. जी गोष्ट बाजारात डाऊनलोड म्हणून मिळतेय तिच्यासाठी एवढी मरमर करू नका, सरळ विकत घ्या. वेळ घालवा तो आजोबांच्या आवाजातल्या आरत्यांवर, गावातल्या दशावताराच्या रेकॉर्डिंगवर, ते कुठल्याच दुकानात नाही. नंतर सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

प्रश्न : मित्र म्हणतात रेकॉर्डचा आवाजच खरा. नवी एलपी अडीच-तीन हजाराला आहे, तेच डाऊनलोड खूप स्वस्त. घेऊ का? — कोल्हापूर

मित्राकडे प्लेअर असेल तर त्याच्याकडे जाऊन ऐका, तीन हजार वाचतील. खरं सांगायचं तर नव्याने काढलेल्या पुष्कळ एलपी डिजिटल मास्टरवरूनच कापलेल्या असतात, म्हणजे डाऊनलोडमध्ये जे आहे तेच, वर थोडी खरखर आणि एक मोठं सुंदर कव्हर. त्या कव्हरसाठी घेत असाल तर खुशाल घ्या, मीही घेतो, पण 'खरा आवाज' म्हणून नको.

जुनी ओरिजिनल घेणं जास्त मजेचं. मुंबईत चोर बाजार आहे, पुण्यात जुना बाजार आहे, तिथे उजेडात तिरकी धरून चरे बघा, डोळ्यांच्या पातळीला आणून वाकलीय का बघा, आणि आत तीच रेकॉर्ड आहे ना हे आधी बघा, कव्हर एकाचं नि पोटात दुसरंच हा तिथला नेहमीचा विनोद. एक धोका सांगून ठेवतो, शोभेला घेतलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका, ती जड पोलादी सुई एका फेरीत चर नांगरून काढते. उलट अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीला एलपीची सुई चालत नाही, तिचा चर रुंद असतो, सुई वेगळी लागते.

प्रश्न : आईला गीतरामायण पाहिजे, संपूर्ण. मोबाईल तिला जमत नाही. काय घेऊ? — मडगाव

आधी एक विचारतो, त्यांच्या कानात कुठलं आहे? पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला व्हायचं त्यात वेगवेगळे गायक होते, लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे वगैरे. नंतर रेकॉर्ड-कॅसेट-सीडीवर घरोघर पोचलं ते सगळं बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. डाऊनलोडच्या दुकानात तर नंतरच्या इतर गायकांनी गायलेलीही आहेत आणि नाव सगळ्यांचं तेच, तेव्हा गायकाचं नाव बघितल्याशिवाय पैसे भरू नका, आणि गाणी ५६ आहेत का तेही मोजा, निवडक अठरा-वीस गाणीही त्याच नावाने विकतात.

सीडी प्लेअर घरात चालू असेल तर सीडीचा संच घ्या, त्यांना तो हाताळता येईल. नसेल तर बिनकुलपाचं डाऊनलोड घेऊन पेनड्राइव्हवर टाका आणि यूएसबी असलेल्या रेडिओला लावून द्या, कारवाँसारख्या गाणी भरलेल्या रेडिओच्या पेटीलाही ती सोय असते. फक्त फाईलींच्या नावापुढे आकडे घाला नाहीतर मशीन त्याच्या अकलेने अक्षरांप्रमाणे लावतं आणि लग्नाआधी वनवास होतो. आकडे घालताना पण ०१, ०२ असे दोन-दोन घाला, नुसते १, २ घातलेत तर एकानंतर दहा लागतं, मग अकरा, असं एकोणीसपर्यंत, आणि मग कुठे दोन, आणि आईचा फोन तुम्हाला ऑफिसात येतो.