चॅम्पियन्स लीग फायनलचं तिकीट हवंय? मग हे ऐक

अर्ज सुरू झाल्याच्या पहिल्या मिनिटाला तुटून पडायची गरज नाही. सर्वसामान्यांची तिकिटं युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, सोडतीने देते. मुदतीत कधीही अर्ज कर, संधी तेवढीच. एकाच माणसाचे दोन अर्ज मात्र नकोत, बाद होतात.

स्टेडियमचा आकडा बघून हुरळू नकोस. २०२५ला म्युनिकमध्ये साधारण ६४,५०० जागा होत्या, त्यातल्या १८-१८ हजार दोन्ही क्लबांच्या समर्थकांना गेल्या. दर थेट ९५० युरोपर्यंत! स्वस्तातलं मिळेल असं धरून बजेट आखू नकोस.

भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, ते आधी बघ. माझं गाडं एकदा नेमकं तिथेच अडलं होतं.

व्हॉट्सॲपवर तिकिटाची पीडीएफ पाठवणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. खरं तिकीट युएफाच्या मोबाइल ॲपमध्येच येतं आणि त्याचा क्यूआर कोड स्टेडियमपाशी, ब्लूटूथ चालू असताना उघडतो. त्यामुळे पॉवर बँक खिशात हवीच.

आणि हो, फायनल शेंगेन देशात (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांपैकी एकात) असेल तर व्हिसाची कागदपत्रं आत्ताच जमवायला लाग. अर्ज सहा महिने आधीही करता येतो.