गच्चीवरून टिपलेला व्हिडिओ : खरा कसा ठरवायचा?

प्रश्न : पश्चिम सहारात निदर्शकांवर झालेल्या लाठीमाराचा, तिथल्या महिला पत्रकारांनी टिपलेला व्हिडिओ आमच्या अभ्यासगटाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तो खरा आहे का, हे कसं तपासायचं? पुढे पाठवावा का?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, दादर

उत्तर : पाठवण्याची घाई नको. वसाहतकार स्पेन गेल्यापासून वायव्य आफ्रिकेतल्या या प्रदेशाचा बहुतेक भाग मोरोक्कोच्या ताब्यात आहे. 1991पासून तिथे संयुक्त राष्ट्रांची ‘मिनुर्सो’ मोहीम आहे, पण मानवी हक्कांवर देखरेख तिच्याकडे नाही. ते काम ‘एकीप मीडिया’सारखे स्थानिक गट करतात, बरंचसं गच्च्यांवर लपून. या गटाच्या नझा अल खालिदी यांना 4 डिसेंबर 2018 रोजी तिथल्या लायून शहरात निदर्शनांचं थेट प्रक्षेपण करताना पकडलं. पात्रता नसताना पत्रकार म्हणवून घेतल्याचा ठपका ठेवून जुलै 2019मध्ये 4,000 दिरहम (मोरोक्कोचं चलन) दंड झाला. मारहाण टिपली म्हणून खटला भरणं जरा अवघडच, नाही का!

आता व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची मूळ नोंद बहुधा पुसली जाते. म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. एमपी4 या व्हिडिओ-फाइलमधली वेळ सहसा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, पण जुळवायची ती तिथली स्थानिक वेळ. हे विसरल्यामुळे खरी चित्रफीतही खोटी ठरवली जाते. मग मिनार, पाण्याच्या टाक्या, रस्त्याचं वळण उपग्रहचित्राशी जुळवा, सावल्यांवरून वेळ पडताळा.

खरी गोम इथेच आहे. ज्या खुणांनी तुम्ही जागा ओळखाल, त्यांनीच पोलिसही ती गच्ची शोधतील. मूळ फाइलमध्ये जीपीएस असेल तर शोधायचीही गरज नाही. त्यामुळे मूळ फाइल फक्त पडताळणी करणाऱ्याकडे, तीही एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक कुलूप लावून. मिळताक्षणी तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे 64 अक्षरांचा ठसा, काढून वेगळा लिहून ठेवा. एक फ्रेम बदलली तरी तो बदलतो. कापाकापी करायची ती प्रतीवर. कठड्याची कड छाटा, घरातले आवाज बंद करा, निदर्शकांचे चेहरे काळ्या पट्टीने झाका. हलका ब्लर कधी कधी उलगडता येतो. आणि टिपणारीची परवानगी येईपर्यंत ती प्रतही गटाबाहेर जाऊ देऊ नका.