खुर्चीच्या आधी दप्तर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. सोबतची जाहिरातही पाहिली. कोट घातलेली बाई, मांडीवर लॅपटॉप, आणि वर मोठ्या अक्षरात 'घरबसल्या व्हा मुख्याध्यापक'. मला हसूच आलं. 2009 साली मी खुर्चीवर बसले तेव्हा माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा पडला होता, आणि त्यातली कपाटाची किल्ली कुठली हे फक्त शिपायाला ठाऊक होतं.

तू विचारलंस, "बाई, शिक्षणशास्त्राचं ऑनलाइन एम.ए. करू का? केलं तर मुख्याध्यापक होता येईल ना?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरातवाले त्यांचा मुद्दाम एक करतात.

आधी दुसऱ्याचं उत्तर देते, म्हणजे मनातलं एकदा निघून जाईल. तू अनुदानित माध्यमिक शाळेत आहेस. तिथे मुख्याध्यापक कोण होणार हे 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली ठरवते. पदवी, बी.एड., पदवीनंतर पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव आणि त्यातली निदान दोन वर्षं बी.एड.नंतरची, एवढी पात्रता पुरते. पुढे लागते ती सेवाज्येष्ठता. संस्थेच्या शाळांमधला सर्वांत ज्येष्ठ, पात्र आणि समाधानकारक सेवा असलेला शिक्षक हा पहिला हक्कदार. त्या नियमावलीत ज्येष्ठता ठरवणारी अनुसूची 'फ' आहे, तिच्यात बी.ए. बी.एड. आणि एम.ए. बी.एड. हे दोघेही एकाच 'क' प्रवर्गात बसतात. म्हणजे तू उद्या एम.ए. झालीस तरी यादीत एक घरसुद्धा वर सरकणार नाहीस. संस्थेची ज्येष्ठता यादी मागून बघ. तुझ्या पुढे किती नावं आहेत आणि त्यातली कोणती कधी निवृत्त होतात, एवढा हिशेब कागदावर मांडलास की जाहिरातीची निम्मी जादू उतरेल. (अल्पसंख्याक संस्थांना या बाबतीत निवडीची मोकळीक असते, पण तुझी संस्था त्यातली नाही.)

ही पदवी उपयोगी पडते ती दुसऱ्या वाटांवर. विनाअनुदानित किंवा सीबीएसईच्या शाळा प्राचार्य नेमताना पदव्युत्तर पदवी बघतात, मुलाखत घेतात. लोकसेवा आयोगामार्फत शिक्षण सेवेत जायचं असेल तर अभ्यासाला चांगली बैठक मिळते. तुला यातलं काही हवंय का, हे तू मेसेजमध्ये लिहिलेलं नाहीस.

आता पहिला प्रश्न. करू का? कर.

वर एवढं सांगून मी 'कर' म्हणते, याचं तुला नवल वाटेल. मी स्वतः मुख्याध्यापक होण्याआधी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली होती. आमच्यात सगळे तिला डीएसएमच म्हणत. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं, पोळीभाजीचा डबा, दुपारी पंख्याखाली डुलक्या. पुस्तकातलं बरंचसं विसरले. एक स्वाध्याय मात्र अजून आठवतो. शाळेतली एखादी समस्या आकड्यांनिशी मांडा, असं लिहिलं होतं. बाकीच्यांनी 'शिस्तीचा अभाव' वगैरे लिहून मोकळं केलं. मी कंटाळून आठवीचे तीन महिन्यांचे हजेरीचे कॅटलॉग काढले आणि घरी बसून पेन्सिलीने मोजत गेले.

मोजता मोजता दिसलं, सकाळी हजर आणि दुपारी गैरहजर अशा नऊ मुली आहेत. रोज नाही, पण आठवड्यातले तीन दिवस तरी. नऊच्या नऊ एकाच वाडीच्या. वर्गशिक्षक म्हणायचे, त्या वाडीच्या पोरींना शिकायची गोडी नाही. मी त्यातल्या एकीला बाकावर शेजारी बसवून विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, एस्टी आता अर्धा तास आधी जाते." वेळापत्रक बदललेलं आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गाडी चुकली की पुढे अंधारातून चार किलोमीटर चालायचं. ज्या दिवशी शेजारच्या काकांचा टेम्पो असे, त्या दिवशी त्या पूर्णवेळ थांबत. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी परिपाठ आणि मधली सुट्टी आवळून शाळा वीस मिनिटं आधी सोडली, आगाराला पत्रही दिलं. गाडीची वेळ काही बदलली नाही. मुली थांबायला लागल्या.

अभ्यासक्रमाने मला एवढंच दिलं, की शेरा मारण्याआधी मोजायचं. तसं म्हटलं तर ते थोडं नाही. म्हणून सांगते, प्रत्येक स्वाध्याय स्वतःच्या शाळेवर कर. गाईडातून उतरवलास तर पैसेही गेले आणि रविवारही गेले.

पण पदविकेने मला एक गोष्ट शिकवली नाही, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, हे तुला माहीत आहे. जूनमध्ये दाखल्यांची रांग लागलेली, लिपिक लिहून पुढे सरकवत होते आणि मी सह्या करत होते. एका मुलाच्या दाखल्यावर अंकात सहावा महिना आणि अक्षरात 'जुलै'. मी न वाचता सही केली. पोरगा सैन्यभरतीला गेला. धावण्यात पास, छातीत पास, कागद तपासताना परत पाठवला. त्याचे वडील ऑफिसात आले. आवाजही चढवला नाही त्यांनी. टेबलावर दाखला ठेवला आणि बोटाने त्या ओळीवर टेकवून उभे राहिले. जनरल रजिस्टरला, म्हणजे प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत, तारीख बरोबर होती, दुरुस्त दाखला मी त्याच दिवशी दिला. पण त्या वर्षीची भरती हातची गेली होती. चूक लिहिणाऱ्याची असेल, सही माझी होती. त्यानंतर बारा वर्षं मी जनरल रजिस्टर उघडून ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे आणि लिपिक समोर दाखल्यात बघायचे. रांग लांबायची. लोक कुरकुरायचे. लांबू दे.

आणि त्याच वेळी दाखला अडवूनही ठेवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे. फी थकली, पुस्तकं परत केली नाहीत, अशी कारणं सांगून दाखले अडवणारे मी पाहिले आहेत. सावकाशही नको आणि घाईही नको, अशी ही खुर्ची आहे.

म्हणून पदवीबरोबर दुसरा एक अभ्यास आजपासून सुरू कर, त्याला फी नाही. शनिवारी शाळा सुटली की तासभर लिपिकांच्या टेबलापाशी बस. चहा आपल्या पैशाने सांग. शालार्थला, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, पगारबिल कसं चढतं, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, एक मूल चुकलं तर संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात तिथे) एक शिक्षक कसा अतिरिक्त ठरतो, आरक्षणाची बिंदुनामावली कशी तपासून घेतात, सेवापुस्तकातली नोंद राहिली तर निवृत्तीच्या वेळी माणूस कसा हेलपाटे घालतो, हे सगळं त्या टेबलावर आहे. पोषण आहाराची नोंदवही बघ. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. हा गुणाकार पटावरच्या संख्येने करायचा नसतो, त्या दिवशी हजर असलेल्यांच्या संख्येने करायचा असतो. हा फरक न कळल्याने चांगली चांगली माणसं चौकशीत अडकतात. लिपिक आधी म्हणतील, "मॅडम, तुम्हाला कशाला ही कटकट?" दुसऱ्या शनिवारी स्वतःच खुर्ची पुढे करतील.

आता पदवी कुठून करायची ते. ज्यांनी तुला दिवसातून तीनदा फोन केले, त्यांच्याकडून तर नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम आणि चालू सत्र, तिन्ही मान्यतेच्या यादीत आहेत का ते बघ. विद्यापीठ मान्य आणि अभ्यासक्रम अमान्य असंही असतं. 2024 पासून प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे त्या विभागाचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, तो स्वतः काढ, एजंटाला ओटीपी सांगू नकोस. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे 'ऑनलाइनला किंमत नाही' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. परदेशी विद्यापीठाची पदवी इथल्या एखाद्या ॲपमार्फत मिळतेय असं दिसलं तर मात्र थांब. त्याबद्दल आयोगानेच इशारे दिले आहेत. आणि एम.एड. पूर्ण ऑनलाइन देतो असं कुणी म्हणालं तर सरळ फोन ठेव. एम.ए. शिक्षणशास्त्र वेगळं, एम.एड. वेगळं.

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एम.ए. शिक्षणशास्त्र बघ. तिथेच शालेय नेतृत्व आणि व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविकाही आहे. मला विचारशील तर पदविका आधी. एक वर्ष झेपतंय का ते कळेल, पिल्लू अजून लहान आहे तुझं.

प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेची लेखी परवानगी घे, आवक क्रमांकाची पोच ठेव, आणि पास झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घे. तोंडी 'हो हो, करा की' यावर विसंबू नकोस. माणसं बदलतात.

दिवाळीच्या सुट्टीत ये. फराळ मी करणार नाही, गुडघे दुखतात, विकतचा आणून ठेवीन. येताना तुमच्या शाळेच्या संच मान्यतेची आणि ज्येष्ठता यादीची झेरॉक्स आण. पेन्सील माझ्याकडे आहे.

तुझी,
बाई