डेटा ऑनलाइन टाकायच्या आधी

तुझा मेल वाचला. जर्नलवाले सिकलसेलच्या अभ्यासाचा डेटा पब्लिक करा म्हणतायत, एथिक्स कमिटीचं अप्रूव्हल आहे, संमतीच्या फॉर्मवर सह्या आहेत, नावं काढलीत, मग अडचण काय असं तू विचारलंयस. अडचण आहे गं, आणि मला ती फार गंभीर वाटते.

तुझी शीट उघडून बघितली. पाड्याचं नाव, वय 23, स्त्री, मुलं दोन, पुढे सिकलसेल एसएस, म्हणजे रक्ताचा हा आनुवंशिक आजार असलेली. चाळीसेक घरांच्या पाड्यात अशी बाई एकच निघणार, तिथल्या आशाताईला ही ओळ वाचून दाखव, ती नाव सोड, माहेरसुद्धा सांगेल. आणि जी नुसती वाहक आहे, एएस, तिला बहुतेक वेळा काही त्रासही नसतो, पण हे सोयरिकीच्या बोलण्यात पोचलं की स्थळं परत जायला लागतात. डेटाच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवलं होतं की झिपकोड (तिकडचा पिनकोड), जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्यासारखी आहेत. तुझ्याकडे तर पाडाच आहे.

सह्यांचं म्हणशील तर हवासुपाई लोकांची केस वाच. अ‍ॅरिझोनातल्या या आदिवासींनी 1990च्या दशकात रक्त दिलं ते डायबेटिससाठी, निदान त्यांची समजूत तीच होती. फॉर्म मोघम होता, आणि त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, आपसातल्या लग्नांचे परिणाम, पूर्वज कुठून आले, असं काय काय तपासलं गेलं. कोर्टकचेरी झाली, 2010ला संशोधन करणाऱ्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने 41 जणांना 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि सॅम्पल परत केले.

तुझ्या फॉर्ममध्येही डेटा इतरांना देण्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून आधी कमिटीकडे अमेंडमेंट (फॉर्म बदलायचा अर्ज) टाक, नंतर मागून परवानगी घेऊ असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या गाइडलाइन्समध्ये चालत नाही. शेअरिंगची संमती वेगळ्या ओळीत घे, नाही म्हणणारीला अभ्यासातून काढायचं नाही. अंगठा असेल तिथे साक्षीदार आपल्या टीमचा नको. आणि पाड्याऐवजी तालुका, वयाचे दहा-दहा वर्षांचे गट, एवढं करूनही कोणी उठून दिसत असेल तर ती ओळ द्यायचीच नाही. जर्नलला कारण लिहून कळव, विनंती आल्यावर कमिटीला विचारून डेटा देऊ म्हण, बरीच जर्नल्स हे मान्य करतात.

नवा फॉर्म मला दाखव, भिलीतला मजकूर तिथल्याच कोणाकडून वाचून घेतल्यावर. आणि ती शीट ड्राइव्हवर 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी उघडी आहे, ते आत्ता, हे पत्र पूर्ण वाचायच्या आधी बंद केलंस तरी चालेल.