नोकरी धरली तर ‘संजय गांधी’चा पगार बंद होईल?

दिव्यांग मुलांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान.

अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला करवीर तालुक्यातला एक तरुण आईबरोबर आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत स्टोअरच्या नोंदी ठेवायचं काम मिळत होतं, महिना १४,०००. त्याला जायचं होतं, आई अडवत होती.

अशा आईला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिचा हिशेब कच्चा नव्हता. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,०००. म्हणजे महिन्याला साडेचार हजार आले तरी माणूस योजनेतून बाहेर! २०२५ मध्ये अनुदान १,५०० वरून २,५०० झालं, तेव्हा सोडवत नाही हे आलंच. “चार महिन्यांनी काढून टाकलं तर? परत तलाठी, परत तहसील, कुणाकुणाच्या पाया पडू?”

मी स्पष्ट सांगितलं, अनुदान जाणार. नोकरी लपवून दोन्ही घ्यायचं नाही. पण बाकीचंही त्यासोबत जाईल असं ती धरून बसली होती, ते खरं नव्हतं. दिव्यांगत्वाचा दाखला उत्पन्नावर ठरत नाही, त्यामुळे एसटीची ७५ टक्के सवलतही राहते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षणही नोकरीमुळे जात नाही.

मग तिच्या शुगरच्या गोळ्यांचा विषय निघाला. त्या दरमहा खिशातून. फुले योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होण्यासाठी, रोजच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही. कंपनीत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर मात्र मुलाबरोबर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार आणि औषधं मिळतात. पगारातून कापले जातात ०.७५ टक्के, म्हणजे १४,००० वर १०५ रुपये. इतरांना ईएसआयची पगारमर्यादा २१,०००, दिव्यांगांना २५,०००. त्यामुळे थोडी पगारवाढ झाली तरी धास्ती नको.

काढून टाकण्याच्या भीतीवर माझ्याकडे जादू नव्हती. पहिले काही महिने २,५०० बाजूला टाकायचे, अनुदान मंजुरीची जुनी कागदं फाइलीत जपायची, एवढंच सुचवलं.

कंपनीतून निरोप आला, “ईएसआयचं सहा महिन्यांनी बघू.” मी त्याला सांगितलं, नोंदणी रुजू होतानाच व्हायला हवी, ऐकून गप्प बसू नकोस. तो बोलला. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत ईएसआयचा नंबर आला, आणि आईचा फोन: “मॅडम, गोळ्या कुठल्या दवाखान्यात मिळत्यात?”